उत्तर ग्रूपवर टाकू नये

कोडं घालणाऱ्याला निदान त्याचं उत्तर तरी ठाऊक असावं, अशी पूर्वी एक अट होती. आजी कोडं घालायची तेव्हा उत्तर बहुतेक वेळा तिच्या मागच्या फडताळातच असायचं. कांदा, नारळ, पणती, जातं. फार लांब गेली तर परसातला फणस, नाहीतर आपलीच सावली. लाइट गेलेली असायची, पोरं गोळा झालेली असायची, आणि ‘हरलो’ म्हटल्याशिवाय ती तोंड उघडायची नाही. आपण हरलो म्हणायचो, ती कांदा म्हणायची, विषय संपायचा. पुढच्या मे महिन्यात पुन्हा तेच कोडं, पुन्हा तोच कांदा, आणि तरीही कुणीतरी एक पोरगं लसूण म्हणायचंच.

आता कोडं सकाळी साडेसहाला येतं आणि ते मामा पाठवतात. मामा एका बँकेतून निवृत्त झाले त्याच आठवड्यात मुलाने त्यांच्या हातात मोठ्या पडद्याचा फोन दिला, आणि तेव्हापासून आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रूपला सुटी म्हणून नाही. आधी गुलाबाचं फूल येतं, फुलावर सुविचार असतो, आणि सुविचार संपला की फळं सुरू होतात. तीन सफरचंदांची बेरीज तीस. एक सफरचंद आणि केळ्यांचे दोन घड मिळून अठरा. केळ्यांचा एक घड वजा नारळ बरोबर दोन. तर नारळ अधिक सफरचंद अधिक केळी किती? खाली लाल अक्षरांत: ‘९९ टक्के लोक नापास! तुम्ही जीनियस आहात का?’

आमच्याकडे सगळेच जीनियस असल्यामुळे सात वाजेपर्यंत उत्तरांची रांग लागते. सोळा, सोळा, सोळा, हॅपी बर्थडे (हा कालच्या वाढदिवसाचा, उशिरा उठलेल्याकडून), सोळा. मग कुणीतरी चित्र दोन बोटांनी मोठं करतं आणि जाहीर करतं की शेवटच्या ओळीत केळी चार नसून तीनच आहेत, आणि नारळाच्या दोन भकलांपैकी एकच उरलं आहे, म्हणून उत्तर चौदा. इथे गणित संपतं आणि आत्या सुरू होते. दुसरं भकल कुणी खवलं? चौथं केळं कुणी खाल्लं, आणि खाल्लं तर साल कुठे टाकली? शेवटी सगळे मामांनाच विचारतात की बुवा, खरं उत्तर काय? मामा शांतपणे लिहितात, ‘मला जसं आलं तसं पुढे पाठवलं आहे.’

बरीच वर्षं हा ग्रूप मन लावून वाचल्यावर माझं एक ठाम मत झालं आहे. नीट रचलेलं, एकच एक उत्तर असलेलं कोडं ऑनलाइन फार जगत नाही. पहिला हुशार माणूस उत्तर देतो, बाकीचे अंगठे दाखवतात, आणि कोड्याची तिरडी उठते. ज्यात काहीतरी चुकलेलं आहे, एखादी अट सांगायची राहून गेली आहे, किंवा ज्यावर धडधडीत खोटं लेबल डकवलं आहे, ते कोडं मात्र आठवडा काढतं. त्यापायी दोन माणसं ग्रूप सोडून जातात, त्यांना समजूत घालून परत आणावं लागतं, आणि पुढच्या वर्षी तेच कोडं नव्या फळांसह हजर होतं.

या पंथाचं मुख्य दैवत म्हणजे ८ ÷ २(२+२). जुलै २०१९ च्या अखेरीस हे ट्विटरवर आलं, अर्धं जग म्हणालं १६, उरलेलं म्हणालं १, आणि थोड्याच दिवसांत ते मामांच्या हाती लागलं. आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. तिने फक्त एक शब्द लिहिला: कंचेभागुबेव. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला एवढं पुरतं. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम त्याच्या तळहातावर छडीने लिहिलेला असतो. आत्याचं म्हणणं, कंसाला चिकटलेला दोन म्हणजे ‘चे’. त्याचा मान भागाकाराच्या आधी. म्हणून आठ भागिले आठ, उत्तर १. न्यू जर्सीतला मावसभाऊ म्हणाला, इकडे पेमडास असतं, गुणाकार-भागाकाराला सारखाच मान, डावीकडून उजवीकडे जायचं, आठ भागिले दोन चार, चार चोक सोळा. वीस वर्षं अमेरिकेत राहूनही त्याचे पाढे मराठीच राहिले आहेत, याचं कुणी कौतुक केलं नाही. आत्याने एवढंच विचारलं, ‘तुला चार चोक सोळा कुणी शिकवलं रे?’ त्यानंतर वाद गणिताचा राहिला नाही.

काकांनी फोनच्या कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं, १६ आलं. मग कपाटावरच्या खोक्यातून मुलाचा इंजिनिअरिंगच्या काळातला सायंटिफिक कॅल्क्युलेटर काढला, त्यात नवे सेल घातले, त्याच्यावर १ आलं. दोघांना सोफ्यावर शेजारी शेजारी ठेवून त्यांनी फोटो काढला आणि खाली लिहिलं, ‘आता बोला.’

खरे गणितीही यावर बोलले. कॉर्नेल विद्यापीठातले स्टीव्हन स्ट्रोगाट्झ यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून प्रचलित संकेताने १६ येतं असं सांगितलं; वाचकांचं समाधान होईना म्हणून काही दिवसांतच त्यांना त्याच विषयावर पुन्हा लिहावं लागलं. एवढा मोठा माणूस, पण ग्रूपवर असता तर त्याचीही आत्यापुढे हीच गत झाली असती. मुळात जो माणूस गणितावर पोट भरतो तो असं लिहीतच नाही. तो अपूर्णांकाची आडवी रेघ मारतो किंवा आणखी एक कंस घालतो आणि घरी जाऊन जेवतो. आंतरराष्ट्रीय मानकात तर ÷ हे चिन्ह भागाकारासाठी वापरूच नये, असं म्हटलेलं आहे. ही माहिती मी मोठ्या उत्साहाने ग्रूपवर टाकली. आत्याने लिहिलं, ‘म्हणजे मी जन्मभर काय शिकवलं?’ पाठोपाठ वहिनीचा मला वेगळा मेसेज आला: ‘भाऊजी, त्यांचं बीपी वाढतं, मानकं नका टाकू.’

खोट्या लेबलांमध्ये आपल्याकडचं सर्वांत वजनदार लेबल म्हणजे ‘आयएएसच्या मुलाखतीत विचारलेला प्रश्न’. निळ्या समुद्रात लाल दगड टाकला तर काय होईल? उत्तर: ओला होईल. आठ माणसांना एक भिंत बांधायला दहा तास लागतात, तर तीच भिंत बांधायला चार माणसांना किती तास लागतील? उत्तर: शून्य, कारण भिंत आधीच बांधून झाली आहे. लोकसेवा आयोगाची मुलाखत २७५ गुणांची असते आणि तिथे उमेदवाराला त्याचा जिल्हा, त्याचा पदवीचा विषय, त्याचे छंद, देशापुढचे प्रश्न यांवर बोलतं करतात, अशी माझी आपली समजूत होती. ग्रूपच्या मते मंडळाचे सगळे सदस्य दिल्लीत एका लाल दगडाभोवती बसलेले असतात आणि दार उघडून पोरगं आत आलं की दगड पाण्यात टाकतात.

याचा भुर्दंड आमच्या एका पुतण्याला बसतो. तो सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, पहाटे उठून अभ्यासिकेत जागा धरतो आणि दिवसभर लक्ष्मीकांत यांचं राज्यघटनेवरचं जाडजूड पुस्तक रंगवत बसतो. ग्रूपवर लाल दगड पडला की तीन बाजूंनी त्याला टॅग केलं जातं. एकदा त्या बिचाऱ्याने प्रश्न गंभीरपणे घेतला. दगडाला लाल रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे आला असेल तर काय होईल, समुद्राच्या पाण्याचा खारटपणा किती धरायचा, असं दीडशे शब्दांत मुद्देसूद लिहिलं, शेवटी ‘पुढील दिशा’ असा परिच्छेदही घातला. मामांनी उत्तर दिलं, ‘ओला होईल रे!’ आणि त्याखाली, ‘एवढं येत नाही आणि कलेक्टर होणार?’ त्याच्या आईने त्यावर हसणारं तोंड टाकलं, पण ते हसू खरं नव्हतं हे सगळ्या बायकांना कळलं.

भिंतीचं उत्तर मात्र आमच्या ग्रूपवर आजतागायत ठरलेलं नाही. आमच्यातले एक काका बांधकामाची कंत्राटं घेतात. त्यांचं म्हणणं, आठ माणसं आली कधी होती? कबूल केली होती आठ, आली दोन, आणि त्यातला एक बसून तंबाखू मळत होता. भिंत दहा तासांत बांधून झाली हे तर त्यांना अजिबात मान्य नाही. पाणी कुणी मारलं? प्लास्टर धरलंय का त्यात? आणि एवढं सगळं झालं असलं, तरी बिल पास झालं का? हा शेवटचा प्रश्न आयोगाने खरोखरच विचारायला हवा.

इंग्रजी माध्यमवाल्यांचं लेबल वेगळं असतं, ते आईनस्टाईनचं. पाच रंगांची पाच घरं, पाच देशांचे रहिवासी, प्रत्येकाचं पेय निराळं, सिगारेट निराळी, पाळीव प्राणी निराळा. तर मासा कुणाकडे? आईनस्टाईनने म्हणे हे लहानपणी रचलं आणि जगातल्या फक्त दोन टक्के लोकांना ते सुटेल असं सांगून ठेवलं. या कोड्याची सर्वांत जुनी माहीत असलेली छापील प्रत ‘लाइफ इंटरनॅशनल’च्या १७ डिसेंबर १९६२ च्या अंकात आहे. तिच्यात मासा नाही, झेब्रा आहे, आणि आईनस्टाईन जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. कोडं मात्र अस्सल आहे, उत्तर एकच निघतं. वहिनी आयटीत आहे. तिने एक्सेलमध्ये पाच रकाने आखले आणि कुकरच्या तीन शिट्ट्यांच्या आत जर्मनाला मासा देऊन मोकळी झाली. दोन टक्क्यांत सून बसली आणि आपण नाही, हे पचायला ज्येष्ठांना थोडा वेळ लागला. दुसऱ्या दिवशी कोड्याचं कुणी नावही काढलं नाही. माझ्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा नको.

सिंगापूरच्या शेरिलची गोष्टही लेबलाचीच. एप्रिल २०१५ मध्ये तिथले एक टीव्ही निवेदक, केनेथ काँग, यांनी फेसबुकवर एक प्रश्न टाकला, आणि सोबत हा पाचवीच्या मुलांना घातलेला प्रश्न आहे असं सांगितलं. शेरिल अल्बर्ट आणि बर्नार्ड या दोन मित्रांपुढे दहा तारखा ठेवते. अल्बर्टला फक्त महिना सांगते, बर्नार्डला फक्त तारीख. अल्बर्ट म्हणतो, मला तुझा वाढदिवस माहीत नाही, पण बर्नार्डलाही माहीत नाही हे मला पक्कं माहीत आहे. बर्नार्ड म्हणतो, आधी मला कळलं नव्हतं, आता कळलं. अल्बर्ट म्हणतो, मग मलाही कळलं. उत्तर १६ जुलै. लंडनपासून लातूरपर्यंतचे आईबाप हादरले, की दहा वर्षांची सिंगापुरी पोरं हे सोडवतात आणि आपल्याला अजून अल्बर्टचंच म्हणणं समजत नाही. काही दिवसांनी खुलासा झाला की प्रश्न चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या ऑलिंपियाडमधला होता, तोही हुशार मुलं निवडण्यासाठी. पण खुलासा कोण पुढे पाठवतो?

आमच्या घरी अडचण तर्काची नव्हतीच. आत्याला शेरिलचं वागणंच पटलं नाही. मित्राने वाढदिवस विचारला तर सरळ सांगायला काय जातं? दोन मुलांना निम्मी निम्मी माहिती देऊन झुंजवायचं हे कुठलं वळण? मामा म्हणाले, अशा मुलीला आपण शुभेच्छाच पाठवायच्या नाहीत. आणि मामा सगळ्यांना शुभेच्छा पाठवतात, नगरसेवकालासुद्धा.

सगळ्यांत विद्वान भांडण मात्र इंटरनेटच्या आधीचं आहे आणि ते टपालाने झालं. सप्टेंबर १९९० मध्ये अमेरिकेतल्या ‘परेड’ मासिकात मॅरिलिन व्हॉस सॅव्हंट यांनी (आडनाव ऐकून आमच्या कोकणातल्या शाखेने त्यांना लगेच सावंतवाडीच्या ठरवलं) आपल्या सदरात तीन दारांचा प्रश्न घेतला. एका दारामागे मोटार, दोन दारांमागे शेळ्या. तुम्ही एक दार निवडता. सूत्रधार उरलेल्यांपैकी एक उघडून शेळी दाखवतो आणि विचारतो, निवड बदलायची का? बाईंनी सांगितलं, बदला. पहिल्या दारामागे मोटार असण्याची शक्यता तिनात एक, बदललेल्या दारामागे तिनात दोन. त्यावर सुमारे दहा हजार पत्रं आली. त्यातली हजारभर पीएचडी झालेल्यांची होती, आणि बहुतेकांनी बाईंना गणित शिकायचा सल्ला दिला. पॉल एर्डोशसारखा जन्मभर गणितच जगलेला माणूसही बराच वेळ ऐकेना. संगणकावर खेळ पुन्हा पुन्हा खेळवून दाखवला तेव्हा कुठे नमला. बाई बरोबर होत्या. पण भांडणाला जागा ठेवली ती एका न बोललेल्या अटीने: सूत्रधार दर वेळी मुद्दाम शेळीचंच दार उघडतो. ही अट पहिल्या दिवशी ठळक छापली असती, तर टपालखात्याची बरीच तिकिटं कमी खपली असती.

आमच्याकडे हा खेळ स्टीलच्या तीन वाट्या आणि एक काजू घेऊन झाला. वहिनी सूत्रधार, काका खेळाडू. वहिनी एक रिकामी वाटी उलटून विचारायची, ‘बाबा, बदलता?’ काकांनी एकदाही बदलली नाही. ‘एकदा निवडली ती निवडली. लग्नही तसंच केलं.’ काकूंनी यावर जे उत्तर दिलं ते ग्रूपवर नाही. काका सारखे हरत राहिले, काजू वहिनीच्या मुलाने खाल्ला, आणि गावाकडच्या चुलतभावाने दुपारी शेतातून आल्यावर सगळं वाचून विचारलं, की शेळी मिळाली तर माणूस हरला कसा? मोटारीला पेट्रोल लागतं, शेळी बांधावरच्या पाल्यावर भागवते आणि वर्षात करडं देते. बाजारात शेळीचा भाव काय चाललाय हे त्या अमेरिकेतल्या बाईंना कुणीतरी कळवा, असंही त्याने लिहिलं. ग्रूपच्या इतिहासात सर्वांत जास्त अंगठे त्या मेसेजला आहेत.

न सुटणाऱ्या कोड्याचा धंदाही लोक करून गेले आहेत. पंधरा सोंगट्या सरकवायचं चौकोनी खेळणं १८८० च्या सुमारास अमेरिका-युरोपात वेड लावून गेलं. पुढे सॅम लॉइड या कोडेकाराने जाहीर केलं की १४ आणि १५ या दोनच सोंगट्या उलट लागल्या आहेत, त्या सरळ करून दाखवणाऱ्याला हजार डॉलर. ते होणं शक्य नाही, हे १८७९ मध्येच गणिताच्या नियतकालिकात सिद्ध झालेलं होतं, त्यामुळे हजार डॉलर लॉइडच्या खिशात सुखरूप राहिले. वर खेळणं माझंच, असंही तो सांगत राहिला. ते न्यूयॉर्क राज्यातल्या एका पोस्टमास्तराचं, नॉइस चॅपमनचं होतं. मला जसं आलं तसं पुढे पाठवलं आहे, हे वाक्य त्याला सुचलं नाही एवढंच.

याच्या अगदी उलट टोकाला आपले कापरेकर गुरुजी. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म डहाणूचा, साल १९०५. नोकरी नाशिकजवळ देवळालीला शाळेत मास्तरकीची. स्वतःच्या खर्चाने छोट्या पुस्तिका छापून हा माणूस संख्यांशी खेळत बसला, आणि १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिल्यावर जगाला कळलं की देवळालीत कोण राहतं. त्यांचा ६१७४ चा शोध १९४९ चा. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसले की झालं. अंकांची मांडणी करून मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करा, वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. फार तर सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ वर येऊन पोचता, आणि मग तिथून सुटका नाही, कारण ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४.

फळांना कंटाळून एकदा मीच हे ग्रूपवर टाकलं. प्रत्येकाने आपापलं जन्मसाल घ्या. १९७५ वाल्यांना सहा वजाबाक्या लागल्या, २००० साली जन्मलेल्या भाचीला चार. सगळ्यांचं उत्तर ६१७४. नाशिकच्या मंडळींनी गुरुजींचा अभिमान व्यक्त केला, चार-पाच जणांनी हात जोडले, आणि ग्रूप शांत झाला. इतका शांत की न्यू जर्सीवाल्याने उठल्यावर विचारलं, ‘कुणी गेलं का?’ वाद नाही, शंका नाही, केळं मोजायला नाही. खरं सांगायचं तर मलाही जरा कसंतरी झालं.

तेवढ्यात मामांचं उत्तर आलं: ६१६४. साल १९५४, वजाबाक्या तीन, तिन्ही कागदावर करून फोटोसह. ८५३२ मधून २३५८ वजा करताना दशकाकडून एकदाच उसना घ्यायचा तो त्यांनी दोनदा घेतला होता. पण बँकेत संध्याकाळी दहा रुपयांचा फरक राहिला तर रात्रीपर्यंत पावत्या उपसणाऱ्या माणसाला त्याच्याकडे नेमका दहाचाच फरक आहे हे सांगणार कोण? शेवटी आत्याने, वडीलकीच्या नात्याने नव्हे तर शिक्षिकेच्या नात्याने, लाल पेनाने फोटोवर गोल काढला. मामा म्हणाले, ‘ताई, हा नियम १९५४ ला लागू नसेल.’ आणि ग्रूपमध्ये पुन्हा प्राण आला. रात्री अकरापर्यंत मंडळी १९५४ ची वजाबाकी करत होती.

अलीकडे यंत्राला विचारायची सोय झाली आहे. पूर्वी दोन माणसं भांडायची, आता दोघांचे फोन भांडतात. एकाचा फोन नम्रपणे १६ म्हणतो, दुसऱ्याचा तितक्याच नम्रपणे १, आणि दोघंही ‘चला, पायरी पायरीने पाहू’ म्हणून पानभर लिहितात. याचा खरा उपयोग शोधला तो सदाशिव पेठेतल्या पुतण्याने. वाघ, शेळी आणि गवताचा भारा होडीतून पलीकडे न्यायचं कोडं सगळ्यांना पाठ असतं. सात खेपा लागतात. पुतण्याने लिहिलं: ‘एक माणूस आणि एक शेळी. होडीत दोघं मावतात. पलीकडे कसं जायचं?’ त्या वेळच्या यंत्राने कुठून तरी वाघ आणला, गवतही आणलं, आणि सात खेपा करून सगळ्यांना सुखरूप पलीकडे पोचवलं. मामांनी यंत्राला न विचारता उत्तर दिलं. त्यांच्याही सात खेपा झाल्या आणि त्यांच्याही होडीत वाघ होता. कंत्राटदार काकांनी खेपेचा दर विचारला. आत्याने, वाघ पकडल्याचं वनखात्याला कळवलं आहे का, एवढीच चौकशी केली. पुतण्या काही बोलला नाही, पण त्या दिवशी त्याला काहीतरी उमगलं असावं.

कारण पुढे पूर्वपरीक्षेचा निकाल लागला त्या दिवशी, कुणी काही विचारायच्या आत, ग्रूपवर त्याचं कोडं येऊन पडलं. ‘एका वाड्यात पाच भाऊ, तीन छत्र्या आणि एकच चप्पल. पाऊस मंगळवारी सुरू झाला. तर दुसऱ्या भावाचं वय किती? (आयएएस मुलाखत)’

पाच मिनिटांत मामांनी ४२ लिहिलं. आत्याने माहिती अपुरी असल्याचा शेरा मारला, मग तो पुसून ३९ केलं. वहिनीच्या एक्सेलचे रकाने झेडच्या पुढे गेले. चप्पल डाव्या पायाची की उजव्या, यावरून दोन गट पडले. कंत्राटदार काकांना वाडा कुठल्या पेठेतला आहे, पाचही भावांच्या सह्या झाल्या आहेत का, आणि रिडेव्हलपमेंटला कुणाला दिला, हे हवं होतं. न्यू जर्सीवाला रजा टाकून बसला. निकालाचं कुणालाही आठवलं नाही. मी पुतण्याला वेगळा मेसेज करून उत्तर विचारलं. ‘काका, उत्तरच नाहीये,’ त्याने लिहिलं, ‘पण मुख्य परीक्षेपर्यंत, म्हणजे पुढच्या वर्षीच्या, असली वीसेक तयार करून ठेवली आहेत.’

मामांनी तोवर ते आणखी सहा ग्रूपवर पाठवलं होतं. रात्री साडेदहाला तेच कोडं आमच्या सोसायटीच्या ग्रूपवर आलं. भाऊ सहा झाले होते, पाऊस बुधवारचा झाला होता, आणि खाली लिहिलं होतं, आईनस्टाईनने वयाच्या बाराव्या वर्षी रचलेलं.